बेटआत्याची साक्ष

बेटआत्याला डावं-उजवं कळत नसे. तिच्या जगात दोनच बाजू होत्या, वरचं अंग आणि खालचं अंग. पाणी येतं ते वरचं, पाणी जातं ते खालचं. मी तिच्या ओसरीवर जेवायला बसलो की ती सांगायची, "बापू, तांब्या तुमच्या खालच्या अंगाले हाय," आणि मी पाटाखाली वाकून बघायचो. एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा रुतला. कोणत्या पायात म्हणून विचारलं, तर म्हणाली, "वरच्या अंगाच्या." तोवर ती वळून बसली होती, त्यामुळे मी भलताच पाय धरला. ती हसली नाही. आपल्याला नदी माहीत आहे आणि समोरच्याला नाही, याची तिला थोडी कणवच यायची.

आदिलाबादच्या उत्तरेला पैनगंगा एका ठिकाणी काळ्या खडकावर आपटते आणि दोन धारांत वाटली जाते. दीडेक मैल खाली गेल्यावर त्या धारा पुन्हा एक होतात. त्या दोन धारांच्या कुशीत हे बेट होतं. डोक्याकडे खडक, मधे काळी माती, शेपटीला पांढरी वाळू. मातीत रब्बीची ज्वारी आणि तूर, वाळूत टरबुजं आणि वाळकं. करंजांची एक रांग, तीन उंबर आणि अकरा घरं. दोन्ही काठांवरची माणसं तिला बेटआत्याच म्हणत. तिचं खरं नाव गिरजाबाई. ते मला कळलं ते कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा, आणि सांगताना तिलाही क्षणभर आठवावं लागलं.

मी मोजणी खात्यात होतो. आमचं घर मराठी, पण तीन पिढ्या आदिलाबादेत गेलेल्या. शाळेत मी उर्दू शिकलो, घरी मराठी बोललो, आणि राज्यांची फेररचना झाली तेव्हा तिशीला टेकलेला मी मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून तेलुगू गिरवायला बसलो. आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो. मधली हद्द नदी. नदी म्हणजे तिची मूळ खोल धार, असं दोन्ही काठांवरच्या कचेऱ्यांनी आपसात मान्य केलं. इतर ठिकाणी ते सोपं होतं, कारण धार एकच होती. बेटापाशी दोन होत्या. खोल धार उत्तरेची असेल तर बेट आमचं, दक्षिणेची असेल तर पलीकडच्यांचं. आणि दोनच वर्षांपूर्वीच्या पुराने गाळ टाकून दोन्ही धारा सारख्याच उथळ करून ठेवल्या होत्या.

तेव्हा बेट मोजायचं, आणि पूर्वी खोल पाणी कोणत्या बाजूला होतं याची तिथल्या जुन्या माणसाची साक्ष घ्यायची, असा हुकूम घेऊन मी पौषात तिथे गेलो. सोबत जरीब, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी, आणि निजामाच्या काळचा एक उर्दू नकाशा. बेटावरचं सर्वांत जुनं माणूस कोण म्हणून विचारल्यावर सगळ्यांनी आत्याच्या घराकडे बोट केलं. नऊ दिवस मी तिच्याच ओसरीवर राहिलो.

पहिल्या सकाळी जाग आली तर जग नव्हतं. धुक्यात ओसरीचा खांब तेवढा दिसत होता. पुढे उंबर असावा असं वाटत होतं, पण खात्री नव्हती. पाणी मात्र ऐकू येत होतं, दोन्ही कानांत वेगवेगळं. मी तसाच पांघरुणात बसून राहिलो. आतून चुलीपाशी आत्या म्हणाली, "आयकून राह्यले ना? एक धार बोलते, दुसरी नुसती गुनगुन करते. नवीन मानसाले दोन दिवस झोप लागत नाई. मंग घरी गेल्यावर लागत नाई." तिचं खरं ठरलं. आदिलाबादला परतल्यावर कितीतरी दिवस मला आमच्या घरातली शांतता एकाच कानाची वाटत राहिली.

धुकं विरलं की ती मला बेट दाखवायला निघे. साठीची बाई, अंगाने वाळकी, लुगड्याचा काष्टा पोटरीवर ओढलेला. चालताना ती सारखी काहीतरी पायाने तपासायची. इथे वाळू कोमट आहे, म्हणजे खाली पाणी नाही. इथे पाय गार पडला, इथे वाळूक लागेल. टिटवी कुठे अंडी घालते त्यावरून यंदा पाणी कुठवर चढेल हे ती सांगायची, आणि त्या जागेच्या खाली कुणाला खोप बांधू द्यायची नाही. मी जरिबीची एक कडी धरायचो, दुसरी हाताखालचा माणूस धरायचा, आणि आत्या मधे उभी राहून साखळीकडे बघायची. "तुमी मोजान तवर हे बदलून जाईन," ती म्हणायची, टोमणा म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी उंबराखाली जुना नकाशा पसरला आणि गोंधळलो. नकाशात बेट होतं, पण ते खडकापाशी पार वरच्या बाजूला होतं, आणि जिथे आम्ही बसलो होतो तिथे निळं पाणी दाखवलेलं होतं. नकाशा काढणाऱ्याने चूक केली असं मी म्हणालो. आत्या नकाशावर वाकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण दोन धारा तिने लगेच ओळखल्या.

"चूक कायची, बापू? बेट चालून राह्यलं."

मग तिने समजावून सांगितलं. दर पुरात नदी बेटाचं डोकं थोडं खाते आणि शेपटीला थोडं आणून टाकते. "माह्यं लगन झालं तवा हे घर शेपटीवर होतं. मागल्या अंगणात वाळूच होती. आता पाहा, मधात आलं. घर जागचं हाललं नाई, बेट मात्र खाली गेलं. माह्या सासूचं घर त आता खडकापाशी पान्यात हाय." हे सांगताना तिचा स्वर एखादं वासरू मोठं झाल्याचं सांगावं तसा होता. मी शाळेत भूगोल शिकलो होतो, पण जमिनीला वय असतं आणि ती कुठेतरी निघालेली असते, हे मला त्या उंबराखाली कळलं.

इतिहासही तिने तिथेच सांगितला, तूर निवडता निवडता. तिच्या सासऱ्याचा आजा एका दुष्काळात म्हशी घेऊन नदीकाठाने वर वर आला. दोन्ही काठ करपलेले होते आणि मधे हे हिरवं लव्हाळं दिसलं. म्हशी आपणहून पाण्यात उतरल्या, मागून तो उतरला आणि परत गेलाच नाही. पुढे उत्तरेला गोऱ्यांचं राज्य आलं, दक्षिणेला निजामाचं होतंच. बेटावर मात्र कुणाचा शिपाई मुक्कामाला राहत नसे, कारण त्यांना दोन धारांत झोप लागायची नाही. आत्या वर्षं आकड्यांनी मोजत नसे. खडकावर पाणी चढलं ते वर्ष, चुलीत पाणी आलं ते वर्ष, शेपटीवर मगर दिसली ते वर्ष. निजामाचं राज्य गेलं ते वर्ष तिच्या हिशेबात "पाहुन्यांचं वर्ष" होतं.

त्या वर्षी दक्षिण काठावरच्या गावांत रझाकारांची दहशत होती. बायका-मुलांना घेऊन लोक रानात लपत, नदी ओलांडून पलीकडे जात. बरेच जण आधी बेटावर यायचे. आत्याने टरबुजांच्या खोपी त्यांना दिल्या आणि डोंगा, म्हणजे खोडातून कोरलेली नाव, दिवसभर करंजांच्या सावलीत झाकून ठेवला. आलेल्याला ती गाव विचारत नसे, जेवला का एवढंच विचारी. मग पोलीस ॲक्शन झाली, वारं फिरलं, आणि आता निजामाच्या माणसांच्या घरांत भीती शिरली. एका सकाळी दक्षिण काठावरच्या जकातनाक्यावरच्या शिपायाची बायको तीन लेकरं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली. याच शिपायाने पूर्वी एकदा आत्याची टरबुजं नाक्यावर चार दिवस उन्हात अडवून ठेवली होती. बेटावरचे दोघंतिघं म्हणाले, हिला परत धाड.

"मंग काय केलं तुमी?" मी विचारलं.

"तिनं मले विचारलं, आत्या, ठेवशीन का. म्या म्हनलं, चूल पेटलेली हाय, बस." तिने तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. "टरबुजं तवाच सडली होती, बापू. त्याले काय करता. लेकरं ताजी होती."

ती बाई महिनाभर त्याच खोपीत राहिली, आणि सगळं निवल्यावर आपल्या भावाकडे गेली. बेटाचा हा इतिहास कुठल्याही दप्तरात नव्हता. मी तो वहीच्या मागच्या पानांवर उतरून घेत होतो. खात्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

एक गोष्ट मात्र त्या नऊ दिवसांत मला उमगली नाही. उत्तरेची धार तिच्या घराला जवळ होती, चाळीस पावलांवर. बाकी बायका तिथेच पाणी भरायच्या. आत्या घागर घेऊन बेटाची सगळी रुंदी ओलांडून दक्षिणेच्या धारेवर जायची. उत्तरेच्या काठावर ती पाय धुवायलासुद्धा उतरत नसे. मी एकदा विचारलं, "तिकडचं पाणी जवळ पडते ना, आत्या?" ती म्हणाली, "पडते," आणि घागर उचलून चालू लागली.

आता महादूबद्दल. महादू तिच्या दिराचा मुलगा. आईबाप लवकर गेले म्हणून आत्यानेच त्याला वाढवलं होतं. चाळिशीचा, शांत, कष्टाळू माणूस. बेटाच्या वतीने तोच बोलायचा. दोन्ही साहेब येणार होते त्याच्या आदल्या दुपारी तो ओसरीवर आला. आत्या तूर पाखडत होती. मी उठून जाऊ लागलो, तर तो म्हणाला, "बसा, साहेब. मी लपवून काई बोलत नाई."

मग तो आत्याकडे वळला. "काकू, उद्या तुले इचारतीन. तू एवढंच सांग का दक्षिनेची धार खोल होती अन् उत्तरेच्या धारेत गुडघाभरच पानी राहे. मंग बेट तिकडं जाते. तिकडं शाळा मराठी, कचेरी मराठी. इकडं राह्यलो त उद्या कागद तेलुगूत येतीन. माह्या दोघी पोरी शाळेत जातीन त काय वाचतीन अन् काय समजतीन? आता दोन्ही धारा सारख्याच हायेत. आधी काय होतं त्यानं कोनाचं काय जाते?"

आत्याने सूप खाली ठेवलं नाही. दाणे वर उडत होते आणि सुपात पडत होते. महादू उठून गेला. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. माझा मुलगाही तेव्हा घरी माझ्याशेजारी बसून न कळणारी अक्षरं गिरवत होता.

दुसऱ्या दिवशी उंबराखाली दोन बाजा टाकल्या. एकीवर आमचे साहेब बसले. ते समुद्रकाठच्या आंध्रातून नुकतेच बदलून आलेले, मराठी न कळणारे, मोडकं हिंदी बोलणारे. दुसरीवर पलीकडचे साहेब, पांढऱ्या मिशांचे, मृदू बोलणारे मराठी गृहस्थ. अकरा घरांतली सगळी माणसं गोल करून बसली होती. आत्या मधे उभी. आमच्या साहेबांनी प्रश्न विचारला आणि मी तो मराठीत सांगितला. पुरापूर्वी, तुमच्या आठवणीत, खोल धार कोणती होती?

आत्या वळली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच मी तिला उत्तरेच्या पाण्याकडे तोंड करून उभं राहिलेलं बघितलं.

"हे," ती म्हणाली.

माणसांत हालचाल झाली. पलीकडच्या साहेबांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "बाई, नीट आठवून सांगा. इथली मंडळी सांगतात की या धारेत गुडघाभर पाणी असायचं."

"गुडघाभर पान्यात मानूस बुडते का, साहेब?"

आत्या पाण्याकडे बघतच बोलत राहिली, कुणाला सांगत असल्यासारखी नाही. "भादवा होता. माह्या नंदेले सासरी पोचवून हे वापस येऊन राह्यले होते, एकलेच डोंग्यात. मी इथंच उभी होती, भाकरी झाकून. मधात आले, अन् यायनं वेळू पान्यात टाकला. तळ नाई लागला. वेळू पुरा आत गेला, मूठबी वर राह्यली नाई. त्याच्यामागं हे गेले." ती थांबली. "चार गावाइनं खाली पाह्यलं. भेटले नाई. मी म्हनलं, आता इथंच असू द्या. तवापासून मी या पान्यात घागर बुडवत नाई. आता इथं पानीच नव्हतं म्हनू, त माह्या मानसाले म्या कोठं ठेवू? त्याले दुसरी जागा नाई."

मी ते आमच्या साहेबांना हिंदीत सांगायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं. पलीकडच्या साहेबांनी आपल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि टाक पुसून ठेवला. मी साक्ष लिहून काढली, वाचून दाखवली, आत्याच्या अंगठ्याला शाई लावली. तिचा अंगठा माझ्या हातात थंडगार होता. मान वर करून बघितलं तर महादू गोलातून उठून वाळूच्या टोकाकडे चालत निघाला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

मी निघालो तेव्हा आत्या डोंग्यापर्यंत आली. "बापू, म्या लेकराइचं नुकसान केलं का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "कागदावर खरंच लागते, आत्या." इतकं सोपं उत्तर मी आयुष्यात पुन्हा कधी दिलं नाही, आणि इतकं लाजिरवाणंही.

बेट आमच्याकडे राहिलं. बेटावर कुणी तिला टाकून बोललं नाही, पण महादूने बोलणं सोडलं. त्याची बायको भाकरी आणून ठेवायची आणि न बसता जायची. ही हकीकत मला आत्याकडूनच कळली, चैत्रात, आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात. काठावरच्या गावापर्यंत चालत आणि पुढे कापसाच्या बैलबंडीत बसून ती आदिलाबादला आली होती. फडक्यात भाकरी, चटणी आणि एक टरबूज. आल्याबरोबर तिने विचारलं, "नदी कोन्या अंगाले हाय?" मी उत्तर दिशा दाखवली. तिकडे तोंड करून ती भिंतीला टेकून बसली.

"साहेबाले भेटाचं हाय," ती म्हणाली.

साहेब दौऱ्यावर होते. ती दोन दिवस तशीच बसून राहिली. संध्याकाळी माझी बायको तिला घरी न्यायची, सकाळी ती पुन्हा व्हरांड्यात हजर. तिसऱ्या दिवशी साहेब आले. मी मधे उभा राहिलो, दोघांचं बोलणं इकडून तिकडे नेण्यासाठी.

आत्या म्हणाली, "साहेब, मी खरं बोलली. आता सरकारनं खरं वागावं. बेट तुमी घेतलं, त लेकरंबी घ्या. लेकरं मराठी हायेत. त्याइले त्याइच्या बोलीची शाळा पाह्यजे. ते देसान, तवा मी महादूले तोंड दाखवीन."

साहेबांनी मला विचारलं की पूर ओसरल्यावर टरबुजाच्या बिया ही बाई कुठल्या वाळूत लावते, जाड की बारीक. मी चकित झालो, पण विचारलं. आत्या म्हणाली, बारीक, पण खाली शेण आणि गाळ भरून. साहेब मान हलवून म्हणाले, "आमच्याकडेही तसंच." मग हळूहळू कळलं की त्यांचं गाव गोदावरीच्या मुखाशी होतं, नदीच्या दोन फाट्यांमधल्या जमिनीवर. तिकडे अशा बेटाला लंका म्हणतात. त्यांच्या आजोबांचं घर पुरात गेलं होतं आणि त्यांची आईसुद्धा दिशा पाण्यावरून सांगायची. त्यांनी शेवटी विचारलं, "दोन्ही धारांचा आवाज वेगळा येतो का?"

मी ते मराठीत सांगितलं. आत्याने साहेबांकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "येते," ती म्हणाली. "तुमाले झोप लागते का, साहेब, इथं?"

साहेब म्हणाले, "नाही लागत."

त्यानंतर अर्ज मीच लिहिला. मराठी शाळेची मागणी वर गेली, परत आली, पुन्हा गेली. त्या वर्षात आत्या आणखी तीनदा त्या व्हरांड्यात येऊन बसली. कचेरीतल्या लोकांना तिची सवय झाली, कुणी ना कुणी चहा आणून द्यायचं. पुढच्या वर्षी काठावरच्या गावात, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत, मराठी शाळा सुरू झाली. बाजारहत्नूरकडचे एक मास्तर आले. बेटावरची नऊ मुलं डोंग्यातून यायची, त्यांत महादूच्या दोघी होत्या. महादू आत्याजवळ येऊन काही बोलला नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी आत्या बाहेर आली, तर तो तिच्या घरावर चढून जुनं गवत उपसत होता. दिवसभर त्याने एकट्याने घर शाकारलं. संध्याकाळी खाली उतरून म्हणाला, "काकू, पानी दे." तिने तांब्या दिला. एवढंच. आत्याने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं.

पुढे माझी बदली भैंशाला झाली. कापसाचा बाजार, जिनिंगची धूळ, गाड्यांची गर्दी. तिथे मला मोठ्या पुराची बातमी लागली. त्या पुरात बेटाची काळी माती वाहून गेली, उंबर गेले, घरं गेली. माणसं सगळी वेळेवर काठावर आली होती, कारण त्या वर्षी टिटवीने अंडी पार वर, घरांच्या अंगणांत घातली होती, आणि आत्याने आठ दिवस आधीच सगळ्यांना बिऱ्हाड हलवायला लावलं होतं. अकरा घरं दक्षिण काठावरच्या गावात वसली. आत्या महादूकडे राहू लागली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर गोल, जपून काढलेलं, मराठी. महादूच्या थोरल्या मुलीने लिहिलं होतं: आजी विचारते, तुम्ही बरे आहात का. पाणी उतरलं आहे, एकदा येऊन जा. मी ते कार्ड बायकोला दाखवलं, मग मुलाला दाखवलं. त्यात दाखवण्यासारखं काय आहे हे त्याला कळेना. रजा काढून मी निघालो.

आत्या फार वाकली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. महादूने तिला हाताला धरून डोंग्यात बसवलं आणि मलाही बस म्हणाला. कुठे जायचं ते दोघंही सांगेनात. माघातली सकाळ होती, धुकं पाण्यावरून नुकतं उठत होतं. जुन्या बेटाच्या जागेवरून आम्ही गेलो. तिथे आता सलग पाणी होतं, आणि वेळू चांगला खोल जात होता. आणखी खाली, पुष्कळच खाली गेल्यावर डोंगा कशाला तरी हळूच टेकला.

धुक्यातून वाळू दिसू लागली. दोन बाजांएवढी रुंद, शंभरेक पावलं लांब, ओली, गुळगुळीत. तिच्यावर एकाही पायाची खूण नव्हती. एका कडेला लव्हाळ्याचे बोटभर कोंब फुटले होते. दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं, आणि दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा होता.

आत्याने महादूचा हात सोडला आणि एकटी उतरली. वाकून, पाय चाचपत ती मधोमध गेली आणि खाली बसली. महादू आणि मी डोंग्यातच थांबलो. ती बराच वेळ वाळूवर तळहात ठेवून बसली होती. मग तिने मला हाक मारली. मी जवळ गेलो.

"पाह्यलं, बापू?"

"पाह्यलं, आत्या."

"कोन्या राज्यात हाय हे?"

मी दोन्ही काठांकडे बघितलं. सवयीने मनात धारेची खोली मोजू लागलो. तिला ते कळलं असावं, कारण तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"इतक्यात नोका मोजू," ती म्हणाली. "लहान हाय. थोडं मोठं होऊ द्या."

त्याच उन्हाळ्यात आत्या गेली. महादूने तिची राख उत्तरेच्या काठाशी, तिच्या माणसाच्या खोल पाण्यात पोचवली. मी त्यानंतर अठरा वर्षं मोजणी खात्यात होतो. त्यातली सात त्याच भागात, नदीकाठच्या गावांची नवी मोजणी माझ्याच हातून झाली. पैनगंगेची वळणं, खडक, उतार, सगळं मी नीट उतरवलं, आणि त्या कामाबद्दल वरिष्ठांचा एक शेराही मिळाला. फक्त त्या एका जागी, जिथे एव्हाना बाभळी उभ्या राहिल्या होत्या आणि कुणीतरी टरबुजांची खोप घातली होती, तिथे मी दर वेळी पाणी दाखवलं.